थापटणे आणि कॅसेट : निर्दोष खेळासाठी खेळ निवडताना

जुन्या व्हिडिओ गेमवर 'टूल-असिस्टेड स्पीडरन' नावाचा एक प्रकार जगभर रचला जातो. 'खेळला जातो' असे मी मुद्दाम म्हणत नाही. संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल चालवायची, काळ थांबवायचा, एकेक चौकट पुढे सरकवायची आणि त्या चौकटीला कोणते बटण दाबलेले असावे ते ठरवायचे. चुकले की मागे येऊन पुन्हा. हजारो दुरुस्त्यांनंतर हाती उरते ती फक्त बटणांची यादी. ती यंत्राला दिली की खेळ माणसाच्या बोटांना न साधणाऱ्या अचूकतेने, कमीत कमी वेळात संपतो. सामना जिंकणारा बुद्धिबळपटू आणि तीन खेळ्यांत मात होणारे कूट रचणारा यांच्यात जो फरक, तोच इथे खेळाडू आणि धावकार यांच्यात आहे.

2003 मध्ये मोरिमोतो या जपानी रचनाकाराची 'सुपर मारिओ ब्रदर्स 3'ची सुमारे अकरा मिनिटांची धाव इंटरनेटवर पसरली. अनेकांनी ती माणसाने हाताने खेळलेली समजली आणि सत्य कळल्यावर फसवणूक म्हणून तिच्यावर टीका केली. त्याच वर्षी बिस्क्विट या टोपणनावाच्या फिन्निश प्रोग्रामरने अशा धावांचा संग्रह सुरू केला. तोच पुढे 'टासव्हिडिओज' झाला. या संग्रहाची मला सर्वांत रोचक वाटलेली गोष्ट म्हणजे तिथले नकार. धाव निर्दोष असली तरी 'खेळाची निवड चुकली' एवढ्या कारणाने ती परत जाई. 2012 मध्ये वेगवान पण नीरस धावांसाठी वेगळा कप्पा झाला आणि नकार सौम्य झाले. पण प्रश्न राहिलाच, आणि तो सरळसरळ समीक्षेचा प्रश्न आहे : एवढी मेहनत पेलेल अशी कृती कोणती?

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून पक्के मडके कोणते, कच्चे कोणते ते सांगितल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. नामदेव तिथे कच्चे निघाले. म्हणजे कीर्ती हा निकष नव्हता. नव्वदच्या दशकात, जिल्हा अजून उस्मानाबाद असताना, उमरग्याच्या बाजारात आणि तुळजापूरच्या यात्रेत ज्या पिवळ्या कॅसेटी मिळत, '9999 इन 1' वगैरे लिहिलेल्या, त्यांतल्या खेळांना मी हेच थापटणे लावून पाहिले. (9999 हा आकडा अर्थातच थापेचा. दहावीस खेळ, बाकी त्यांचीच नावे बदलून केलेली पुनरावृत्ती.)

'डक हंट'पासून सुरुवात केली, कारण बंदुकीमुळे त्याचा रुबाब मोठा. पण बदक कधी उडायचे हे खेळ ठरवतो. पडल्यावर कुत्रा ते उचलून दाखवतो, आणि ते दृश्य कुणाच्या घाईला जुमानत नाही. वर त्याला नीट शेवटही नाही. घड्याळ खेळाच्या हाती असेल तर धावकाराला करायचे काय? 'रोड फायटर'चा मामला उलटा. तिथे घड्याळ आपले आहे, पण वेग 400 वर गेला की बटण दाबून धरायचे आणि गाड्या चुकवायच्या. लहानपणी जीव टांगणीला लावणारा हा खेळ यंत्राच्या हाती गेला की पोकळ वाजतो. त्याची अवघडता सगळी आपल्या बोटांची होती, खेळाची नव्हती. दोघेही कच्चे.

'बॅटल सिटी'बद्दल मी बराच घुटमळलो. प्रत्येक टप्प्यात शत्रूचे वीस रणगाडे; चौथा, अकरावा आणि अठरावा फोडला की बक्षीस येते. कोणते, ते नशिबावर. पण या यंत्रात फासा नाही. बहुतेक खेळ सुरू झाल्यापासून गेलेल्या चौकटी आणि दाबलेली बटणे यांवरूनच आपला 'योगायोग' काढतात. त्यामुळे धावकार एक चौकट थांबून वा एक पाऊल वाकडे टाकून हवे ते बक्षीस पाडून घेऊ शकतो. दैव असे हिशेबात उतरलेले पाहणे हा या प्रकारातला खरा विस्मय. दुर्दैवाने वीस रणगाडे आपापल्या सवडीनेच मैदानात येतात, आणि असे टप्पे 35. विस्मय दहाव्या टप्प्याच्या आत संपतो.

मारिओ पक्का आहे, यात वाद नाही. 1985 च्या या खेळात 32 भाग आहेत आणि गुप्त वाटांनी आठांतच काम होते. मौज अशी की पुढच्या भागाचे दार दर 21 चौकटींनी एकदाच उघडते. म्हणजे वीस चौकटी वाचवूनही पदरात शून्य पडू शकते, एकविसावीने सगळे मिळते. अपवाद फक्त शेवटच्या भागाचा. पण या खेळावर इतके हात फिरले आहेत की 2021 मध्ये एका माणसाने तो स्वतःच्या बोटांनी 4 मिनिटे 55 सेकंदांच्या आत संपवला. यंत्राची धाव आता त्याच्या अगदी थोडी पुढे आहे. नव्याने लिहिणाऱ्याला तिथे टीकेवर टीका लिहिण्यापलीकडे काम उरत नाही.

उरला 'कॉन्ट्रा', आणि तोही दोघांचा. 1988 चा खेळ, आठ टप्पे, गोळी लागली की मरण. पडद्यावर एका वेळी मावणाऱ्या गोळ्यांना मर्यादा आहे. म्हणून शत्रूला अगदी चिकटून उभे राहिले की गोळी लगेच लागून नाहीशी होते आणि पुढची लगेच सुटते. भीतीने जिथून आपण लांब पळायचो, तिथेच घुसण्यात वेग आहे. धबधब्याच्या टप्प्यात वरचा गडी घाईने चढला की पडदा वर सरकतो आणि खालचा मरतो. आमच्या गल्लीतली निम्मी भांडणे याच धबधब्यावरची. दोन्ही रिमोट एकाच रचनाकाराच्या हाती आले की या भांडणाचे संयोजन होते : कोण पुढे, कोण कुणासाठी थांबणार, कुणाला मुद्दाम मरू द्यायचे. इथे दर चौकटीला निवड आहे आणि तिची किंमत दिसते. हे मडके खणखणीत वाजते.

खरी अडचण यापुढे सुरू होते. कुठला 'कॉन्ट्रा'? जपानी प्रतीत टप्प्यांच्या मध्ये नकाशा आणि कथादृश्ये आहेत, झाडांची पाने हलतात. अमेरिकी प्रतीत यातले काही नाही. आमच्या कॅसेटवर नकाशा कधी दिसला नाही. मात्र तोच खेळ यादीत चारपाच वेळा होता, कधी तिसऱ्या टप्प्यापासून, कधी तीस जिवांसह. शिवाय हे खेळ सेकंदाला 60 चौकटींसाठी लिहिलेले आणि आपल्याकडचा टीव्ही 50 चा. 60 चा खेळ 50 वर चालला की एक षष्ठांशाने संथ होतो. बटणांची यादी तर एकाच पाठाशी बांधलेली असते; दुसऱ्या प्रतीवर ती काही क्षणांतच भरकटते आणि गडी भिंतीवर डोके आपटत राहतो.

संग्रहांना मूळ, प्रमाणित प्रत हवी असते, आणि त्यांचे म्हणणे मला शिस्त म्हणून पटते. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा लोकांच्या तोंडी रुळलेले पाठ बाजूला ठेवावेच लागले. पण अभ्यासक पाठभेद टाकून देत नाही, तळटीपेत नोंदवतो. भुरटे पाठभेद हेच ज्यांचे एकमेव पाठ होते, अशा प्रदेशात तर ती तळटीप मुख्य मजकुराइतकीच महत्त्वाची. म्हणून माझी निवड दुहेरी आहे : धाव अमेरिकी प्रतीवर रचावी, कारण ती आपल्या कॅसेटीच्या सर्वांत जवळ आहे, आणि तीस जिवांची, तिसऱ्या टप्प्यापासूनची रूपे तिच्याशेजारी स्वतंत्र पाठ म्हणून नोंदवावीत.

त्यासाठी आधी कॅसेटी हव्यात. तशी कॅसेट उघडली की आत चिपच्या जागी बहुधा डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा दिसतो. त्याखालचा मजकूर 60 पिनांमधून वाचून संगणकावर उतरवता येतो, आणि ते काम करणारी छोटी यंत्रे विकत मिळतात. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून सुरुवात करता येईल.