वैद्यकीय इच्छापत्र : एक परीक्षण

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' खटल्याच्या निकालात वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ च्या जानेवारीत त्याची किचकट पद्धत सुलभ करण्यात आली आणि ३० जानेवारी २०२५ रोजी कर्नाटक शासनाने अंमलबजावणीचे परिपत्रक काढले. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी मंडळ्यांच्या पाळकांपुढे आणि उपदेशकांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येणारच. म्हणून या व्यवस्थेचे गुणदोष ख्रिस्ती दृष्टीने तपासणे अगत्याचे आहे.

हे पत्र म्हणजे आत्महत्येचा परवाना नव्हे. औषध टोचून जीव घेण्यास कायद्याची आजही मनाई आहे. बरे होण्याची आशा उरली नाही आणि रुग्णाला आपले मत सांगता येत नाही, अशा वेळी कृत्रिम श्वसनयंत्रासारखे उपचार चालू ठेवावेत की थांबवावेत, एवढेच त्यात लिहिता येते. त्यावरही डॉक्टरांची दोन मंडळे विचार करतात. असाधारण उपाय योजण्याचे बंधन मनुष्यावर नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच सांगितले होते. जीवन ही देवाची देणगी खरी. परंतु केवळ मरण लांबविणे म्हणजे त्या देणगीचा सन्मान नव्हे.

आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू माणसांची नावे लिहिणे, हा या पत्रातील सर्वांत मोलाचा भाग होय. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात याकोब आपली अंतिम इच्छा योसेफावर सोपवून त्याच्याकडून शपथ घेतो. इच्छा जाणणारा व ती पाळणारा कोणी असावा लागतो, हेच तेथे दिसते.

व्यवस्थेचा पहिला दोष येथेच आढळतो. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घ्यावे आणि एक प्रत नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी, अशी रीत आहे. परंतु औराद किंवा भालकी येथील रुग्णाला ऐनवेळी हैदराबादला वा सोलापूरला नेले, तर ती प्रत मागेच राहते. १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात व नंतर त्या राज्यात होता. तिकडची वाट जुनीच आहे. रुग्णाची भाषा मराठी, डॉक्टरांची तेलुगू वा इंग्रजी. अशा वेळी नोंद असूनही इच्छा अज्ञात राहू शकते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पत्रात इच्छा नोंदली जाते, तिचे कारण नोंदले जात नाही. मुलांवर कर्ज नको म्हणून एखादी विधवा उपचार नाकारील, तर ती इच्छा तिची म्हणावी की दारिद्र्याची? पत्र स्वखुशीने लिहिलेले असावे, अशी न्यायालयाची अट आहे. पण ती खुशी नोटरीच्या शिक्क्याने पारखली जात नाही. योहानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू पेत्राला सांगतो की म्हातारपणी दुसरेच त्याला नको तेथे नेतील. दुर्बळाला कोण कोठे नेत आहे, हे पाहणे मंडळीचे कर्तव्य आहे.

तेव्हा पाळकाने कोणालाही सही करण्यास प्रवृत्त करू नये वा परावृत्तही करू नये. त्याने प्रथम एकांतात भीती कशाची आहे हे विचारावे; खर्चाची असेल तर मंडळीच्या साहाय्यनिधीचा विचार व्हावा. त्यानंतरही इच्छा कायम राहिली, तर पत्राचा आशय कुटुंबासमोर मराठीत वाचावा आणि नेमलेल्या प्रत्येकाजवळ एक प्रत ठेवावी. लिहिणाऱ्याला ते केव्हाही लेखी रद्द करता येते, हेही सांगावे. इतके झाले, तरच त्या नोंदीला साक्षीचे मोल येईल.