दोन कॅमेरे आणि एक उड्डाण

टेबलावर दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी आहेत. दोन्ही भिगवणची, कुंभारगावच्या बाजूने नावेतून घेतलेली. विषयही एकच, पाण्यावरून उठणारा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. पहिले छायाचित्र निकॉनच्या डी९० वरचे, दुसरे त्याच घराण्यातल्या झेड९ वरचे. भिंग दोन्ही वेळा तेच, ३०० मिलिमीटरचे. नव्या कॅमेऱ्याला ते अडॅप्टर घालून जोडलेले. डी९० २००८ साली आला, मधल्या किमतीचा, हौशी माणसाच्या आवाक्यातला. झेड९ २०२१ मध्ये जाहीर झाला तो व्यावसायिकांसाठी. भारतात त्याची किंमत काही लाखांत. तेरा वर्षांत यंत्र किती बदलले हे माहितीपत्रकात सापडते. चित्र किती बदलले, हे मात्र चित्रातच पाहावे लागते.

आधी विषयाबद्दल. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाचा, यशवंतसागराचा, फुगवटा भिगवणला येऊन पोहोचला. हिवाळा सरत जातो तसे पाणी ओसरते, काठचा गाळ उघडा पडतो आणि मोकळ्या जमिनीवर गाळपेर होते. उरलेल्या उथळ पाण्यात रोहित चोच उलटी बुडवून बारीक खाद्य गाळत उभे राहतात. उभा रोहित लांबून जवळजवळ पांढराच दिसतो. त्याचा खरा रंग पंखांत मिटलेला असतो. पंख उघडले की गुलाबी-तांबडा पट्टा आणि त्याला लागून काळी किनार एकदम समोर येते. शिवाय हा पक्षी जागच्या जागी झेप घेत नाही. मान लांबवून, वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावरून पळत सुटतो आणि मग उचलला जातो. उड्डाणाच्या छायाचित्रातली सगळी गंमत या धावेत आणि त्या रंग उघडण्यात आहे.

पहिल्या छायाचित्रात पक्षी बरोबर मध्यभागी आहे. पंख पूर्ण वर, एक पाय पाण्यात, मागे तुषारांची ओळ. डाव्या कडेला दुसऱ्या एका पक्ष्याची मान अर्धी कापली गेली आहे. ही मांडणी छायाचित्रकाराने एकट्याने ठरवलेली नाही. डी९० मध्ये फोकसचे बिंदू ११, तेही चौकटीच्या मधल्या भागात. त्यांतला सर्वांत भरवशाचा, आडव्या-उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा बिंदू एकच आणि तो मध्यभागी. पळता पक्षी हातचा जाऊ द्यायचा नसेल तर त्याला मध्येच धरावे लागते. त्या काळातल्या हौशी पक्षिचित्रांत पक्षी एवढे मध्यभागी का दिसतात, याचे एक उत्तर इथे आहे.

पण वर उचललेले ते पंख पाहा. डी९० सेकंदाला साडेचार चौकटी घेतो. म्हणजे दोन चौकटींत सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक अंतर, आणि तेवढ्यात पंख वरून खाली येऊन जातो. बटण दाबून ठेवून नशिबावर सोडले तर हाती पडलेले पंखच लागण्याची शक्यता जास्त. म्हणून आधी पक्षी वाचावा लागतो. खाणे थांबते, माना उंचावतात, सगळा थवा एका दिशेला वळून चालू लागतो, चालीची धाव होते. त्या धावेच्या लयीवर बोट ठेवून योग्य क्षणी दाबायचे. चित्रातली ती भरारी या ओळखीतून आली आहे. उणिवाही लपत नाहीत. पहाटेच्या उजेडात आयएसओ १६०० पर्यंत न्यावा लागल्याने मागचे पाणी रवाळ झाले आहे. मानेच्या उजेडाकडच्या बाजूला पिसांच्या रेषा पुसून कोरा पांढरा रंग उरला आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात डोळ्याला दृश्य दिसते, होऊ घातलेले छायाचित्र दिसत नाही. पांढरा रंग जळाला हे मागच्या पडद्यावर नंतर कळते.

दुसऱ्या छायाचित्रात पक्षी खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे आणि उरलेली चौकट पाणी, धुके व पलीकडच्या काठाच्या पुसट रेषेला दिली आहे. धाव डावीकडे असल्याने ती मोकळी जागा पक्ष्याला पळायला मिळते. ही मोकळीक यंत्राने दिली आहे. झेड९ चे ४९३ बिंदू जवळजवळ साऱ्या चौकटीवर पसरलेले आहेत आणि पक्षी स्वतंत्रपणे ओळखण्याची सोय २०२३ च्या सॉफ्टवेअर सुधारणेने त्यात आली. पक्षी कोपऱ्यात गेला तरी फोकस त्याच्या डोळ्यावर टिकतो. पिसांच्या रेषाही शाबूत आहेत, कारण उजेडाचा हिशेब बटण दाबण्याआधीच डोळ्यासमोरच्या पडद्यावर दिसतो.

आता पायाकडे पाहा. बोटांमधला पडदा नुकताच पाण्यातून सुटला आहे आणि पाण्याची एक बारीक तार अजून त्याला जोडलेली आहे. ही तार नावेतल्या कुणालाही दिसलेली नसते. सेकंदाला २० कच्च्या (रॉ) चौकटी घेणाऱ्या, आरसा नसलेल्या, क्षणभरही न अंधारणाऱ्या यंत्राने ती टिपली. छायाचित्रकाराने ती घरी, संगणकावर, ढीगभर चौकटींतून निवडली. जुन्या कॅमेऱ्यात निवड बटण दाबण्याआधी करावी लागे. नव्यात ती बरीचशी नंतर होते. दोन्हीकडे नजर लागतेच, पण पहिलीला पक्षी ठाऊक असावा लागतो आणि दुसरीला चित्र.

पिक्सेलचा हिशेबही इथेच करून टाकू, कारण खरेदीच्या वेळी सगळे बोलणे त्याभोवती फिरते. एकीकडे १२.३ मेगापिक्सेल, दुसरीकडे ४५.७. आकडा पावणेचार पटीच्या आसपास, पण चित्राची लांबी ४२८८ वरून ८२५६ पिक्सेल, म्हणजे दुप्पटही नाही. त्यातही झेड९ चा सेन्सर मोठा असल्याने त्याच भिंगातून तो अधिक मोठा परिसर घेतो. पक्षी तेवढाच कापून काढला तर त्याच्या अंगावर आडवे पिक्सेल सुमारे सव्वापटच पडतात. ३०० ऐवजी ५०० मिलिमीटरचे भिंग जुन्याच कॅमेऱ्याला लावले तर हीच वाढ दीडपटीहून जास्त होते. मात्र निकॉनच्या काही नव्या भिंगांचे अॅपर्चर डी९० ला चालवता येत नाही, ते विचारूनच घ्यावे. आणि भिंतीवर लावायची १८ बाय १२ इंची प्रत १२ मेगापिक्सेलमधून आजही नेटकी निघते.

म्हणून माझा कौल वाटून आहे. पाण्यावर सूर मारणारा नदी सुरय, अंधुक उजेडातले उड्डाण, पंखांची अचूक स्थिती, इथे नव्या कॅमेऱ्याशी बरोबरी नाही. हवेत एका जागी फडफडत थांबून मग खाली कोसळणारा कवड्या धीवर, उथळ पाण्यात उभे चित्रबलाक, सूर्यासमोरच्या काळ्या आकृत्या, इथे डी९० अजून पुरून उरतो. वजनही झेड९ च्या निम्म्याच्या आसपास. समोरच्या दोन चित्रांत मात्र दुसरे सरस आहे, आणि ते पायाच्या त्या तारेमुळे नाही. ते सरस आहे पाण्याला दिलेल्या जागेमुळे. भिगवण म्हणजे आधी पाणी. पहिल्या चित्रात ते नुसती पार्श्वभूमी होऊन राहिले आहे.

दोन्ही चित्रांत एक गोष्ट सारखी आहे आणि तिची किंमत सर्वांत मोठी: पक्षी कडेने चालले आहेत, नावेकडे पाठ करून पळत नाहीत. थवा पाठ करून उठला असेल तर बहुधा नाव फार जवळ गेलेली असते, आणि मग कॅमेरा कितीही लाखांचा असो, ते चित्र भीतीचे असते. "दादा, अजून थोडं पुढे घ्या ना," हा हट्ट सव्वापट पिक्सेलांनी सुटत नाही. भिगवणला जाल तेव्हा हातात कोणताही कॅमेरा असू द्या. नावाड्यांना इंजिन लांबच बंद करायला सांगा आणि थवा आपल्या मर्जीने वाऱ्याकडे वळेपर्यंत थांबा.