ग्रंथप्रकारांच्या भिंती आणि वाचकाचा शोध

ग्रंथसंग्रहालयाच्या सूचींत पुस्तकांची वांटणी विषयवार व प्रकारवार केलेली असते. कादंबरी, नाटक, काव्य, चरित्र, प्रवास, इतिहास, निबंध, शास्त्र अशीं दालनें पाडल्यावांचून ग्रंथपालाचें काम चालावयाचें नाहीं, हें उघड आहे. १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची शंकर गणेश दाते यांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केली. एकट्या माणसाच्या चिकाटीनें केवढें कार्य होऊं शकतें याचें तें मोठें उदाहरण आहे. आणि तिचा उपयोग ज्यानें एकदां केला आहे त्यास वर्गीकरणाची किंमत पटवून द्यावी लागत नाहीं. परंतु व्यवस्थेकरितां पाडलेल्या या भिंती वाचकाच्या मनांत कायमच्या उभ्या राहिल्या म्हणजे मात्र त्यांचा जाच होऊं लागतो. "आम्ही कादंबऱ्याच वाचतों," "आमच्याकडे चरित्रें चालतात, कविता चालत नाहींत," अशीं वाक्यें सुशिक्षित कुटुंबांतूनही ऐकूं येतात. जणूं काय ग्रंथांच्या निरनिराळ्या जाति असून कोणाशीं रोटीव्यवहार करावा आणि कोणाशीं करूं नये, हें वाडवडिलांनींच ठरवून ठेविलें आहे!

अशा वाचकास नवें पुस्तक हवें असतें, तेव्हां तो "याच्याचसारखें दुसरें" मागतो. त्यास तें मिळतेंही. पण सारखें मिळणें म्हणजे नवें सांपडणें नव्हे. नवीन ग्रंथकाराचा शोध लागावयाचा तर एका दालनांतून दुसऱ्या दालनांत जाण्याच्या वाटा माहीत असल्या पाहिजेत. त्या वाटा कोणत्या, आणि त्यांवर कितपत विश्वास टाकावा, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

पहिली वाट लेखकाच्या नांवाची. एका पुस्तकानें मन वेधलें म्हणजे त्याच हातानें लिहिलेलें, पण अगदीं निराळ्या जातीचें, दुसरें पुस्तक घ्यावयाचें. चिंतामण विनायक जोशी हें नांव उच्चारतांच चिमणराव आणि गुंड्याभाऊ डोळ्यांपुढें उभे राहतात व मराठी वाचकाच्या चेहऱ्यावर हसूं उमटतें. परंतु हेच जोशी बडोद्यास पाली भाषेचे अध्यापक होते, आणि जातककथा व बुद्धचरित्र यांवर त्यांनीं श्रद्धेनें व अभ्यासपूर्वक लिहिलें आहे, हें चिमणरावाच्या किती चाहत्यांस ठाऊक असतें? विनोदी लेखकाचा हा एक फावल्या वेळचा छंद होता, असें समजून पुढें जाणाऱ्याचें नुकसान होतें. जातककथांत मनुष्याचा मूर्खपणा, लोभ आणि बढाई यांकडे पाहण्याची एक शांत, न रागावणारी दृष्टि आहे. माणूस फसतो, त्याची फजिती होते, पण सांगणारा त्याचा तिरस्कार करीत नाहीं. चिमणरावाच्या फजितीकडे पाहणारी नजर हीच नव्हे काय? जोशांच्या विनोदाला दंश नाहीं, हें सर्वजण सांगतात. तो कां नसावा याचें निदान एक कारण विनोदाच्या दालनांत न सांपडतां पालीच्या दालनांत सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

याच वाटेचें याहूनही भरीव उदाहरण इरावतीबाई कर्वे यांचें आहे. बाईंचें 'युगान्त' १९६७ सालीं प्रसिद्ध झालें आणि पुढच्याच वर्षीं त्यास साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. महाभारतांतील व्यक्तींवरील ललित निबंध म्हणून तें घरोघर वाचलें गेलें. परंतु बाईंचा व्यवसाय मानववंशशास्त्राचा होता, आणि हिंदुस्थानांतील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ सालीं निघाला होता. या दोन पुस्तकांचा परस्परांशीं संबंध नाहीं असें समजणारा वाचक 'युगान्ता'ची अर्धीच गोडी चाखतो. विदुर हाच धर्मराजाचा पिता असावा, हा त्यांचा तर्क घ्या. वरवर पाहणारास हें केवळ धाडस वाटेल. पण नियोगाची चाल, धाकट्या दिराचा अधिकार, वंश चालविण्याची राजकुळांतील निकड, या गोष्टी ज्या विदुषीनें शास्त्र म्हणून अभ्यासिल्या, तिच्या लेखणींतून हा तर्क निघाला आहे हें ध्यानांत आलें म्हणजे त्याचें वजन बदलतें. तो मान्य करावा किंवा न करावा. पण तो कल्पनेच्या लहरीनें आलेला नाहीं, एवढें कबूल करावें लागतें.

उलट, शास्त्रज्ञ असूनही बाईंनीं शास्त्राची हद्द कोठें ओलांडली, तेंही पाहण्यासारखें आहे. द्रौपदीवरील निबंधाच्या शेवटीं महाप्रस्थानाच्या वाटेवर पडलेली द्रौपदी आणि तिच्यासाठीं मागें फिरलेला भीम यांचा जो प्रसंग आहे, तो व्यासांचा नाहीं. तो बाईंचा आहे, आणि तसें त्या स्वतःच सांगून टाकतात. येथें संशोधक संपतो आणि कथाकार सुरू होतो. पण ही शिवेवरची खूण लेखिकेनें स्वतः करून ठेविली आहे. दोन प्रकारांत वावरणाऱ्या लेखकाकडून ज्या प्रामाणिकपणाची अपेक्षा करावयाची, ती हीच. आणि ज्यास 'युगान्त' आवडलें त्यानें १९४९ च्या 'परिपूर्ति' या संग्रहांतील पंढरीच्या वारीवरील 'वाटचाल' हा लेख अवश्य वाचावा. वारकऱ्यांबरोबर चालतां चालतां बाईंना महाराष्ट्राची एक नवीच व्याख्या सुचते, आणि त्याच वाटेवर भिन्न जातींच्या दिंड्या निराळ्या चालतात, निराळ्या जेवतात, हें शल्यही त्यांच्या मनांत रुतून राहतें. तें प्रवासवर्णन आहे, समाजशास्त्र आहे, कीं आत्मनिवेदन आहे? सूचिकारास एक खण निवडावा लागेल; वाचकास तशी सक्ति नाहीं.

दुसरी वाट विषयाची. लेखक सोडावा आणि विषय धरावा. 'युगान्त' मिटल्यावर दुर्गाबाई भागवतांचें 'व्यासपर्व' उघडावें. तें १९६२ सालीं, म्हणजे पांच वर्षें आधीं, निघालें आहे. विषय तोच, बहुतेक व्यक्तीही त्याच. पण इरावतीबाई जेथें माणसांचीं नातीं उलगडतात, तेथें दुर्गाबाई प्रतिमा उलगडतात. एकीच्या हातीं व्यासांची कथा कुळाची कथा होते, तर दुसरीच्या हातीं ती काव्याची कथा होते. कोणती श्रेष्ठ, हा वाद आम्हांस निष्फळ वाटतो. कारण दोन्ही एकापाठोपाठ वाचल्यावर मूळ महाभारताची जी भूक लागते, ती दोहोंपैकीं एकच वाचून लागत नाहीं. आणि दुर्गाबाईंचें बोट धरलें कीं, वाट येथेंच थांबत नाहीं. १९५६ च्या 'ऋतुचक्रा'त त्या बारा महिन्यांच्या सृष्टीचें वर्णन करतात. त्याच लेखिकेचा लोकसाहित्याचा व्यासंग मनांत धरून तें पुस्तक पुन्हां वाचावें, म्हणजे झाडें, पांखरें, सण आणि लोकसमजुती त्यांच्या मनांत एकमेकींपासून वेगळ्या कां राहिल्या नाहींत, हें कळूं लागतें.

विषयाची ही वाट भाषांतराच्या दारांतूनही जाते. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांनीं झपाटलेल्या किती तरी मराठी वाचकांस कॉनराड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराचें नांव 'रान', 'गाव', 'शिवार' या जी. एं.च्याच अनुवादांमुळें प्रथम कळलें. आवडत्या लेखकानें कोणाचें भाषांतर करण्यास आपलें आयुष्य खर्चिलें, हें पाहणें हा त्याच्या अभिरुचीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय.

तिसरी वाट सर्वांत अडचणीची आणि म्हणूनच सर्वांत मोलाची. ज्यास आपण लेखक आहों हें स्वतःलाही ठाऊक नव्हतें, अशा माणसाचें पुस्तक शोधून काढण्याची ती वाट होय. वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ सालीं यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे निघालेले एक गरीब भिक्षुक. वाटेंत बंडाचा वणवा पेटला. झांशीच्या वेढ्यांत ते सांपडले. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. आणि अखेर गंगोदकाची कावड घेऊन ते घरीं परत आले. हा वृत्तांत त्यांनीं बऱ्याच वर्षांनीं चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहून काढला, आणि वैद्यांनीं तो १९०७ सालीं 'माझा प्रवास' म्हणून छापला. यास कोणत्या दालनांत ठेवावें? इतिहासकारास तो साधन म्हणून हवा, प्रवासवर्णनकारास प्रवास म्हणून, चरित्रकारास आत्मवृत्त म्हणून. आमच्या मतें मराठी गद्याच्या अभ्यासकाचा त्याच्यावर पहिला हक्क आहे. कारण शास्त्राचा परिचय असलेला पण वाङ्मयाचा अभिनिवेश नसलेला माणूस जीवावरच्या प्रसंगाचें वर्णन किती साध्या व नेमक्या शब्दांत करूं शकतो, याचें त्याहून चांगलें उदाहरण दाखविणें कठीण आहे.

या ग्रंथाचा शोध एकदां लागून संपला नाहीं, हें विशेष. वैद्यांनीं छापतांना भटजींच्या मजकुरांत फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनीं सिद्ध केलेली आवृत्ति १९६६ सालीं निघाली, तेव्हां खरे गोडसे भटजी वाचकांस भेटले. वैद्यांस याबद्दल दोष देणें सोपें आहे. परंतु त्यांनीं आग्रह केला नसता तर फेरफार करावयास मजकूरच उरला नसता. आणि हे वैद्य तरी एकाच दालनाचे होते काय? महाभारताची चिकित्सा त्यांनीं केली, इतिहास लिहिला, आणि पानिपतच्या काळावर 'दुर्दैवी रंगू' ही कादंबरीही लिहिली. म्हणजे गोडसे भटजींपासून निघालेला वाचक वैद्यांच्या हातून पुन्हां महाभारताशीं, आणि तेथून इरावतीबाईंशीं येऊन पोंचतो. वाटा अशा एकमेकींस मिळालेल्या असतात. भिंती मात्र आपण मध्यें घालतों.

या सर्वांवर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. असा चोहोंकडे फिरणारा वाचक 'एक ना धड, भाराभर चिंध्या' या म्हणीचा मासला होणार नाहीं काय? एकाच प्रकारचे शंभर ग्रंथ वाचणाऱ्यास त्या प्रकाराची जी पारख येते, ती दहा प्रकारांतले दहा दहा वाचणाऱ्यास कशी येणार? आक्षेपांत तथ्य आहे. ज्यानें नाटकें मन लावून वाचलीं नाहींत, त्यास गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चें यश नेमकें कशांत आहे हें सांगतां यावयाचें नाहीं. परंतु त्याच गडकऱ्यांची 'गोविंदाग्रज' या नांवाची कविता आणि 'बाळकराम' या नांवाचा विनोद ज्यानें वाचला नाहीं, त्यास त्या नाटकांतील भाषेचा झोत कोठून येतो आणि तळीरामाच्या मंडळींतला विनोद शोकाच्या इतक्या जवळ कसा नांदतो, हेंही सांगतां यावयाचें नाहीं. खोली आणि विस्तार यांचें वैर नाहीं. धागा हातीं न ठेवतां केलेली भटकंती आणि खोली यांचें वैर आहे. धागा धरून फिरणारा मनुष्य भटकत नाहीं, तो शोध करतो.

दुसरी सावधगिरीही सांगितली पाहिजे. लेखकाचें नांव ही वाट आहे, हमी नव्हे. एका प्रकारांत सिद्धि मिळविलेला लेखक दुसऱ्यांत तितकाच समर्थ असतो असें नाहीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नाटकांनीं एका काळीं रंगभूमि गाजविली. आज 'सुदाम्याचे पोहे' जितक्या आवडीनें वाचले जातात, तितक्या आवडीनें तीं नाटकें कोणी वाचीत असेल असें वाटत नाहीं. नांवाच्या भारानें दबून जाऊन मत देणें ही वाचकाची दुर्बलता होय. या बाबतींत मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेची हकीगत बोधप्रद आहे. त्या वेळीं ख्यातनाम झालेले ज्योतिर्विद जयंत नारळीकर यांनीं आपली कथा नारायण विनायक जगताप या कल्पित नांवानें पाठविली. आपल्या कीर्तीचें दडपण परीक्षकांवर पडूं नये, हा हेतु. कथेस पारितोषिक मिळालें, तें कथेच्या गुणांवर. आणि मराठी विज्ञानकथेस एक समर्थ लेखक लाभला, तो असा नांव झांकून आला. जें लेखकानें स्वतःच्या बाबतींत केलें, तें वाचकानें अधूनमधून सर्वांच्याच बाबतींत करून पाहावें: नांव झांकावें, प्रकार झांकावा, आणि पुढ्यांत असलेल्या पानाला विचारावें, कीं तुझ्याजवळ मला सांगण्यासारखें काय आहे?

हा प्रश्न केवळ रुचीचा नाहीं. कोणत्याही भाषेचें उत्तम गद्य तिच्या कथा-कादंबऱ्यांतच असतें, हा समज जेथें रुजतो, तेथें आत्मवृत्तें, प्रवास, पत्रें, शास्त्रीय निबंध हे सर्व 'माहितीपर' म्हणून बाजूस पडतात; त्यांची परीक्षणें येत नाहींत, आवृत्त्या निघत नाहींत, आणि दोन पिढ्यांत तीं पुस्तकें नामशेष होतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'स असें भाग्य आलें नाहीं, याचें कारण वाचकांनीं त्यांना 'एका कवीच्या पत्नीच्या आठवणी' या कप्प्यांत राहूं दिलें नाहीं; मराठींतील थोर गद्यग्रंथ म्हणून तीं उचलून धरलीं. वाचकांच्या अशा निवडीनेंच वाङ्मयाचा खरा इतिहास घडतो. म्हणून प्रत्येक घरांत उत्तम ग्रंथांच्या तयार याद्यांऐवजीं एक लहानशी वही असावी, आणि तींत कोणत्या पुस्तकानें आपणांस कोणत्या पुस्तकाकडे नेलें, एवढेंच लिहीत जावें. मुलांच्या हातीं ती वही पडली तर तीं आपल्या वडीलधाऱ्यांच्या वाटांनीं कांहीं पावलें चालतील, आणि पुढें स्वतःची वाट काढतील. ग्रंथपालाची सूची ग्रंथ कोठें आहे हें सांगते. तो कोणाकडे जाण्याची वाट आहे, हें मात्र वाचकासच लिहून ठेवावें लागतें.