अधोमहाशिरेचे मापन आणि स्पायनल भूल : एका अभ्यासाची चिकित्सा

स्पायनल भुलेत रक्तदाब का उतरतो, हे आधी पाहू. भुलेचे औषध रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या अनुकंपी मज्जातंतूंचेही काम थांबवते. वाहिन्या सैल पडतात, रक्त पायांत व पोटात साठते आणि हृदयाकडे कमी परतते. ज्याच्या शरीरात आधीच पाणी कमी, त्याचा दाब जास्त उतरेल, असा तर्क आहे. म्हणून भुलेआधी सोनोग्राफीने अधोमहाशीर, म्हणजे खालच्या शरीरातील रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, मोजतात. श्वास घेताना ती आक्रसते. तिचा २० मिमी व्यास १२ मिमी झाला, तर आक्रसणे ४०% मानतात. टक्केवारी जितकी जास्त, तितकी पाण्याची उणीव संभवते.

सेरुटी व सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमध्ये १६० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ अ‍ॅनेस्थेशिया’त आला. एका गटात हे माप पाहून गरजेनुसार भुलेआधी सलाईन दिले. दुसऱ्या गटाला माप न घेता भूल दिली. दाब उतरण्याचे प्रमाण अनुक्रमे २७.५% आणि ४२.५% होते. गटवाटणी यादृच्छिक होती, ही जमेची बाजू. पण माप घेतलेल्या गटाला एकूण सलाईनही जास्त मिळाले. मग फायदा मापाचा की सलाईनचा? तितकेच सलाईन माप न घेता मिळालेला गट जोडीला असता, तर हे ठरवता आले असते.

दुसरा प्रश्न निष्कर्ष दुसरीकडे लागू करण्याचा. जयपूरला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. रात्रीपासून उपाशी असलेल्या तिथल्या रुग्णांत पाण्याची उणीव जास्त असू शकते. समजा, चाचणी दाब उतरणाऱ्यांपैकी ८०% आणि न उतरणाऱ्यांपैकीही ८०% अचूक ओळखते. १०० पैकी २० जणांचा दाब उतरत असेल, तर ‘धोका नाही’ ठरलेल्या ६८ पैकी ४ जण फसतील. ४० जणांचा उतरत असेल, तर ५६ पैकी ८. म्हणजे सातात एक. चाचणी तीच, पण तिने दिलेला दिलासा बदलला.

शिवाय हे माप पाण्याचा अंदाज देते. भुलेनंतर वाहिन्या किती सैल पडतील, हे सांगत नाही. रुग्ण किती खोल श्वास घेतो, यावरही आकडा हलतो. गरोदर स्त्री उताणी झोपली, तर गर्भाशयच शिरेवर दाब देते.

म्हणून माप चांगले आले, तरी दाब वारंवार मोजावा आणि फेनिलएफ्रिनसारखे औषध हाताशी ठेवावे. असा कोणताही अभ्यास वाचताना तीन गोष्टी विचारा: ‘दाब उतरला’ म्हणजे नेमका किती? मर्यादा नव्या रुग्णांवर तपासली का? आणि मापामुळे उपचार बदलून रुग्णाचे भले झाले का?