पेढीचे नाव आणि दागिन्याचे चरित्र : जुन्या मोती-चांदीच्या संग्रहदृष्टीची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी कुटुंबव्यवस्थेत दागिना हा एकाच वेळी अलंकार, स्त्रीधन, अडीअडचणीचा ठेवा आणि नात्यांचा पुरावा असतो. अलीकडच्या काळात मात्र जुन्या दागिन्याकडे ‘संग्राह्य वस्तू’ म्हणूनही पाहिले जाऊ लागले आहे. नामांकित पेढीचा शिक्का, मूळ डबी आणि मूळ पावती या तीन गोष्टी असल्या की दागिना अस्सल व मोलाचा, अन्यथा तो केवळ ‘जुना’, अशी या संग्रहदृष्टीची धारणा दिसते. प्रस्तुत लेखात या धारणेची चिकित्सा केली असून पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील वटार व त्याचा परिसर हा तिचा संदर्भ मानला आहे.

नाममुद्रेचा निकष

मोती आणि चांदी यांच्या जुन्या दागिन्यांच्या संग्राहकांत जपानच्या मिकिमोतो या पेढीचे नाव परिचित आहे. कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवण्यात यश मिळवले आणि १८९९ मध्ये टोकियोतील गिंझा भागात दुकान उघडले. या पेढीच्या चांदीच्या दागिन्यांवर शिंपल्याच्या आकृतीत कोरलेले ‘एम’ हे अक्षर असते. संग्राहक प्रथम ते शोधतो. नाममुद्रा जपण्यासाठी मिकिमोतो यांनी १९३० च्या दशकात कोबे येथे हलक्या प्रतीचे मोती जाहीरपणे जाळले, ही घटना प्रसिद्ध आहे. जे नावाला शोभत नाही ते नष्ट करावे, हा त्यामागील विचार होता.

या निकषाचे महत्त्व नाकारता येत नाही. नाममुद्रेमुळे फसवणुकीला आळा बसतो, काळ ठरवता येतो आणि कारागिरीची प्रत पडताळता येते. महाराष्ट्रातही १८३२ मध्ये सांगलीत सुरू झालेली गाडगीळांची पेढी किंवा १९०९ पासूनची वामन हरी पेठे यांची पेढी यांच्या नावाला ग्राहकाच्या मनात असाच विश्वास लाभला आहे. प्रश्न एवढाच उरतो की, पेढीच्या नावावर उभा असलेला हा निकष मराठी दागिन्याच्या स्वभावाला कितपत लागू पडतो?

गाठवण्याची परंपरा

नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, बुगडी आणि पुरुषांची भिकबाळी ही मराठी मोत्याची ठळक रूपे होत. परंपरेत मोत्याची संगत प्रामुख्याने सोन्याशी असे. चांदीचे स्थान पैंजण, तोडे, वाळे, जोडवी अशा पायातील अलंकारांत आणि करंडा, अत्तरदाणी अशा वस्तूंत होते. चांदीवर सोन्याचा मुलामा देऊन त्यात मोती बसवण्याची आजची पद्धत ही मुख्यतः सोन्याच्या महागाईने दिलेली देणगी आहे. त्यामुळे ‘मोती-चांदीचा पारंपरिक दागिना’ हा शब्दप्रयोग संग्राहकाने सावधपणे वापरणे आवश्यक ठरते.

याहून महत्त्वाची बाब अशी की, मोत्याचा दागिना एकदाच घडत नाही. रेशमाचा दोरा झिजतो, तुटतो. पटवेकरी तो पुन्हा गाठवतो. घाम, अत्तर आणि आम्ल यांनी मोत्याचे पाणी उतरते. मग एखादा मोती बदलला जातो. आईच्या तन्मण्यातील मोती लेकीच्या नथीत जातात, एका सराचे वाटणीत दोन सर होतात. अशा दागिन्याचा ‘मूळ’ क्षण कोणता मानायचा? कारखान्यातून बाहेर पडलेल्या वस्तूचा जन्मदिवस सांगता येतो. गाठवत गाठवत आलेल्या दागिन्याला जन्मदिवस नसतो, चरित्र असते.

बडोद्याच्या मोत्यांची साक्ष

या विधानाला राजघराण्यांचे दागिनेही अपवाद नाहीत. बडोद्याच्या गायकवाड घराण्याचा सात सरांचा मोत्यांचा हार प्रसिद्ध होता. त्यातील निवडक ६८ मोत्यांचा दोन सरांचा हार एप्रिल २००७ मध्ये न्यूयॉर्क येथील ख्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरना विकला गेला. खंडेराव गायकवाड यांच्या आज्ञेवरून १८६० च्या दशकात तयार झालेला, लक्षावधी बारीक मोत्यांचा गालिचा २००९ मध्ये दोहा येथील सदबीजच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना गेला. पहिल्या उदाहरणात हार त्याच्या मूळ रूपात उरलेलाच नव्हता. तरीही त्याचे मोल कमी झाले नाही. कारण ‘हे मोती कोणाच्या गळ्यात होते’ याची नोंद शाबूत होती. येथे पेढीच्या नावाचे काम घराण्याच्या इतिहासाने केले. राजाच्या दागिन्याला जो न्याय मिळतो, तो वटारमधील शेतकऱ्याच्या घरच्या नथीला का मिळू नये, हा खरा सांस्कृतिक प्रश्न आहे.

बाजाराचा इतिहास आणि मोडीचे वर्तमान

बसऱ्याचे मोती म्हणून मराठी घरांत ओळखले जाणारे मोती बसरा शहरात पिकत नसत. ते इराणच्या आखातातील, विशेषतः बहारीन परिसरातील शिंपल्यांतून येत आणि त्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. या बाजारात ‘चव’ या मापाने मोत्याची किंमत ठरे. ती वजनाच्या वर्गाशी बांधलेली असल्याने दुप्पट वजनाच्या मोत्याला दुपटीहून कितीतरी अधिक भाव मिळे. १९२० च्या दशकात संवर्धित मोती बाजारात आले, त्यापाठोपाठ जागतिक मंदी आली आणि आखातातील मोतीउद्योग कोसळला. तेव्हापासून घराघरांतील जुने नैसर्गिक मोती हा पुन्हा न भरणारा साठा झाला. नैसर्गिक व संवर्धित मोती नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाहीत. त्यासाठी क्ष-किरण तपासणी करावी लागते. घरातील साध्या दिसणाऱ्या कुड्यांत काय आहे, हे घरच्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

अशा स्थितीत दागिना मोडीत जातो. मोडीच्या हिशेबात धातूचे वजन धरले जाते. मोती, दोरा आणि लाख वजा होतात, घडणावळ तर शून्यच धरली जाते. चांदीचा भाव २०२५ मध्ये किलोला एक लाख रुपयांच्या पुढे गेल्यानंतर जुने तोडे आणि पैंजण आटवण्याचा मोह अधिकच वाढणे स्वाभाविक आहे. चांदीसाठी हॉलमार्कची व्यवस्था २००५ मध्ये आली. परंतु हॉलमार्क धातूची शुद्धता सांगतो, दागिन्याचा इतिहास सांगत नाही. नाममुद्रा नसलेला दागिना संग्राहकाला नको असतो आणि सराफाला केवळ वजनापुरता हवा असतो. या दोहोंमध्ये सामान्य घराचा दागिना नाहीसा होतो. मिकिमोतो यांनी नावासाठी मोती जाळले; येथे नाव नाही म्हणून दागिना वितळतो.

सोपाऱ्याचा धडा

वटारपासून सोपारा हाकेच्या अंतरावर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात सोपाऱ्याचा बंदर म्हणून उल्लेख आहे आणि आखातातील मोती भडोचकडे येत असल्याची नोंदही त्याच ग्रंथात आहे. पश्चिम किनाऱ्याशी मोत्याचे नाते इतके जुने आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उत्खनित केला तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा, त्यात चांदीचा आणि त्याच्याही आत दगडाचा, स्फटिकाचा व सोन्याचा असे एकात एक करंडक सापडले. सोबत धातूच्या आठ बुद्धमूर्ती, सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. त्या करंडकांवर कोणत्याही पेढीचे नाव नव्हते. ते आज अमूल्य आहेत, कारण कोणती वस्तू कशाच्या आत आणि कशाशेजारी होती याची नोंद इंद्रजींनी ठेवली. तोच चांदीचा करंडक नोंदीविना एखाद्या बाजारात आला असता तर तो वजनावर विकला गेला असता.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरणही येथे बोलके आहे. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास सुरू केलेला संग्रह नाममुद्रांच्या शोधात वाढला नाही. दिवे, अडकित्ते, भांडी, अलंकार अशा रोजच्या वापरातील वस्तूंना त्यांनी मान दिला. १९७५ मध्ये तो संग्रह शासनाकडे सोपवला गेला आणि सार्वजनिक स्मृतीचा भाग झाला.

वसईच्या किनारपट्टीवर सामवेदी, वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी, ईस्ट इंडियन आणि आदिवासी समाज शेजारी शेजारी नांदत आले आहेत. एका सणाला किंवा लग्नाला कोणत्या समाजाची स्त्री काय घालते, यात या सहजीवनाचा इतिहास दडलेला आहे. बागायती मागे हटून इमारती पुढे येत असताना तो इतिहास जपण्याचे साधन घराघरांतील डब्यांतच उरले आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, पेढीचे नाव हा संग्रहमूल्याचा एक निकष आहे, एकमेव निकष नव्हे. मराठी दागिन्याच्या बाबतीत दुरुस्ती, पुनर्गाठवण आणि वाटणी हे दोष नसून त्याच्या चरित्रातील प्रकरणे आहेत. म्हणून दागिना विकत घेण्याआधी वा मोडीत देण्याआधी त्याचे छायाचित्र, वजन, मोत्यांची संख्या, तो कोणी वापरला, कोणी गाठवला, कोणता मोती कधी बदलला, त्याला घरात कोणत्या नावाने ओळखतात, एवढी नोंद होणे गरजेचे आहे. हे काम स्थानिक महाविद्यालये आणि ग्रंथालये अल्प खर्चात करू शकतात. दागिना ठेवायचा की मोडायचा हा निर्णय सर्वस्वी घराचा, विशेषतः घरातील स्त्रीचा आहे. मुलांच्या शिक्षणासाठी वा आजारपणात तोडे विकणाऱ्या आईला दोष देण्याचा अधिकार कोणत्याही संग्राहकाला नाही. तोडे गेले तरी त्यांची नोंद मागे राहावी, इतकी व्यवस्था मात्र समाजाने करावयास हवी.