भीमगीत : नादाचे वजन आणि शब्दाचे वजन

कोपरगावच्या उत्तरेस येवला आणि पश्चिमेस सिन्नर तालुका. येवल्यास 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे 1922 साली वामनदादा कर्डक जन्मले. भीमगीताच्या नादात झालेल्या स्थित्यंतराचा विचार करताना हा परिसर डोळ्यांपुढे ठेवणे म्हणूनच सयुक्तिक ठरते.

या स्थित्यंतराचे टप्पे स्थूलमानाने असे सांगता येतील. 1930च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी गीत आणि संवाद यांच्या साहाय्याने विचार गावोगावी नेला. पुढे वामनदादांचे काव्य आणि प्रल्हाद शिंदे (1933–2004) यांचा खडा आवाज यांनी त्या गीताला प्रसार दिला. कव्वालीच्या वळणाने त्यात साथीदारांची पुनरावृत्ती आली. त्यानंतर ध्वनिफितींचा काळ आला, आणि अखेरीस मिरवणुकीतील डीजे. याच सुमारास कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’ या वाद्यवृंदाने भीमविचार रॉकच्या घाटात मांडला. वाद्यांचा भार प्रत्येक टप्प्यावर वाढत गेला, हे उघड आहे.

या वाढीला केवळ ‘गोंगाट’ म्हणून निकालात काढणे हे समीक्षेचे लक्षण नव्हे. कोणाचा आवाज संगीत आणि कोणाचा गोंगाट, हे ठरविण्यात श्रोत्याच्या सामाजिक स्थानाचाही हात असतो. ज्यांना रस्त्याने ताठ मानेने चालण्याचीही मुभा नव्हती, त्यांनी तोच रस्ता नादाने भरून टाकावा, यात अर्थ आहे. परंतु हा अर्थ मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक उरतो, आणि तो भाषेचा आहे.

मंद्र ध्वनी अतिशय मोठा झाला की तो आपल्याहून उंच ध्वनींना झाकून टाकतो. स, श, त, क यांसारख्या अघोष व्यंजनांची ओळख प्रामुख्याने उंच कंपनांत असते; साहजिकच प्रथम तीच हरवतात. स्वर उरतात, शब्द पुसट होतात. शिवाय मराठी वाक्यात क्रियापद आणि नकार हे बहुधा शेवटी येतात. विधान पुरे होण्यासाठी वाक्याचा शेवट ऐकू यावा लागतो. तो ऐकू येईनासा झाला की गीताचा ओढा संबोधनाकडे आणि नामघोषाकडे वळतो. नामघोष एकत्र आणतो. युक्तिवाद मात्र क्रियापदावाचून उभा राहत नाही.

येथे एका परदेशी उदाहरणाची तुलना उद्बोधक ठरेल. ‘किंग क्रिम्झन’ या इंग्रज प्रोग्रेसिव्ह रॉक वृंदाने 1969 साली मेलोट्रॉनच्या विस्तीर्ण स्वरपटाने आरंभ केला. 1974च्या ‘रेड’ या संग्रहात गिटार, बेस आणि ड्रम यांचा कठोर, जड नाद केंद्रस्थानी आला. त्या संग्रहाची शीर्षकरचना पूर्णतः वाद्यांची आहे. तेथे शब्द वगळूनही रचनेचे प्रयोजन ढळले नाही, कारण ते प्रयोजन नादातच होते. भीमगीताचे तसे नाही. अक्षरापासून दूर ठेवलेल्या समाजाने ते अक्षरासाठी रचले. त्यातील शब्द हा नादावरचा अलंकार नसून त्या गीताचे कारण आहे.

तेव्हा दोष जडपणाचा नव्हे, रचनेचा आहे. रॉकमध्ये गिटारचा आघात ओळींच्या मधल्या जागेत ठेवता येतो आणि गायकाचा आवाज पुढे राखता येतो. ‘धम्म विंग्ज’सारख्या प्रयत्नाचे महत्त्व या शक्यतेत आहे. पुण्यात 2002 साली स्थापन झालेल्या कबीर कला मंचाने दुसरी वाट धरली : डफासारखे साधे वाद्य आणि स्पष्ट शब्द. दोन्ही वाटांनी वाक्य वाचते.

भीमगीताने मोठ्याने गावे. त्याला तो अधिकार आहे. मात्र ओळीच्या शेवटचे ‘नाही’ त्या आवाजात ऐकू आले पाहिजे, कारण या गीताचा जन्मच त्या नकारातून झाला आहे.