दमनकाचे बोलणे

पंचतंत्र आपण लहानपणी वाचतो आणि पुढे मुलांचे पुस्तक म्हणून फळीवर ठेवून देतो. त्यातले पहिले तंत्र, ‘मित्रभेद’, मोठ्यांनी पुन्हा वाचावे असे मला वाटते. नसलेल्या कटावर माणसाचा विश्वास कसा बसवला जातो, याचे इतके बारीक चित्र मी क्वचितच पाहिले आहे.

कथा सर्वांस ठाऊक आहे. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री इतकी जडते, की सिंहाचे शिकारीवरून मन उडते आणि त्याचा परिवार उपाशी राहू लागतो. तेव्हा दमनक कोल्हा सिंहाला सांगतो, बैल तुमच्या जिवावर उठला आहे. आणि बैलाला सांगतो, सिंह तुला खाणार आहे. अखेर सिंहाच्या हातून बैल मरतो.

या साऱ्याला आपण ‘चहाडी’ म्हणून मोकळे होतो. पण चहाडखोर नुसती बातमी देतो, दमनक ऐकणाऱ्याची नजरच बदलतो. तो एकांत गाठतो, आढेवेढे घेतो, केवळ आपल्या हितासाठी बोलतो म्हणतो. सिंह प्रथम मानीत नाही. संजीवक त्याला प्राणाइतका प्रिय असतो. तेव्हा दमनक खुणा सांगतो : तो कसा येईल, कसा पाहील, ते बघा म्हणजे खात्री पटेल. बैलालाही सिंहाच्या अशाच खुणा सांगून ठेवतो. मग दोघे भेटतात ते भ्यालेले. भ्यालेले म्हणून ताठ. आणि ताठ म्हणून अगदी सांगितल्यासारखेच दिसतात. परीक्षा झाली खरी, पण उत्तर आधीच ठरलेले होते.

गंमत अशी, की नगाऱ्याच्या आवाजाला भ्यालेला कोल्हा जवळ जाऊन पाहतो तर नुसते कातडे आणि लाकूड, ही गोष्ट सिंहाला सांगतो तो हाच दमनक! ‘स्वतः पाहा’ हा उपदेशही त्याच्या कामाचा असतो.

आजही हेच चालते. १९६९ साली अपोलो-११ मधून माणूस चंद्रावर उतरला. ते सारे नाटक होते असे बिल केसिंग या अमेरिकन लेखकाने १९७६ साली पुस्तक लिहून सांगितले. तो मजकूर अजून मोबाईलवरून घराघरांत येतो, आणि पाठवणारा आपलाच मेहुणा किंवा शाळासोबती असतो. तो म्हणतो, ‘माझे ऐकू नकोस, फोटो पाहा. तिथे हवा नाही, मग झेंडा पसरला कसा?’ आपण पाहतो, तर झेंडा पसरलेलाच! त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती, हे मात्र कोणाला तरी विचारावे लागते. सहा मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो दगडमातीचे नाव काढावे, तर ‘ते तपासणारेही त्यांचेच,’ हे उत्तर तयार असते.

पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात ब्राह्मणाच्या खांद्यावरचा बोकड हा कुत्रा आहे, हे पटवायला तीन ठग लागतात, कारण ते परके. दमनक एकटा पुरतो, कारण तो घरचा.

मात्र एका ठिकाणी ही तुलना थांबते. दमनकाला आपण खोटे बोलतो हे ठाऊक होते. आपल्या मेहुण्याला बहुधा तसे वाटत नसते. तो स्वतः भ्यालेला पिंगलक असतो आणि त्याच मायेने आपल्याला सावध करू पाहतो. त्याला मूर्ख ठरवून काय साधणार? करटकाने दमनकाला गोष्टींवर गोष्टी सांगून खूप झाडले. बैल वाचला नाही.

आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ही कथा अरबीत नेली. त्या ‘कलीला व दिम्ना’त कोल्ह्याची चौकशी होते आणि त्याला शिक्षाही मिळते. आमच्या कथेत दमनक पुन्हा मंत्री होतो. मला आमचाच शेवट खरा वाटतो, कारण शिक्षेने संजीवक परत येत नाही. त्याला वाचवणारा उपाय फार साधा होता. सिंहाने बैलाला दमनकाच्या समोर बोलावून विचारायचे होते, ‘गड्या, हे असे का सांगतात?’ सबंध तंत्रात तेवढे एक वाक्य कोणी बोलत नाही. यंदा फराळाला मेहुणे आले, की झेंड्याची दांडी शोधायला त्यांनाच शेजारी बसवून घ्यावे.